देव न मानणाऱ्याचं मरण : भीती, नीती आणि कागदपत्रं

२०११च्या जनगणनेत स्वतःची नोंद नास्तिक म्हणून करणारे देशभरात सुमारे ३३ हजार निघाले. त्यांतले साडेनऊ हजारांहून जास्त एकट्या महाराष्ट्रातले. खरा आकडा कितीतरी मोठा असणार, कारण प्रगणक दारात आला की घरातलं कुणीतरी एकजण सगळ्यांचा धर्म सांगून मोकळं होतं. खरं तर धर्म सांगण्याची सक्ती कुठल्याच सरकारी खात्याला करता येत नाही. ‘माझा कोणताही धर्म नाही’ असं लिहिण्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने २०१४च्या सप्टेंबरात स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे.

या मंडळींना दोन प्रश्न हमखास विचारले जातात. देव नाही म्हणता, मग वाईट वागण्यापासून तुम्हाला अडवतं कोण? आणि मरताना कुणाचं नाव घ्याल? दुसरा प्रश्न बहुधा हसत हसत येतो, पण जास्त अवघड तोच आहे.

मरणाची भीती म्हणून आपण जे काही म्हणतो त्यात निदान चार निरनिराळ्या भीती असतात. मरताना होणाऱ्या हालांची भीती ही पहिली: नळ्या, व्हेंटिलेटर, परावलंबन, श्वास लागणं. आपण या जगात नसू, ही दुसरी. मागे राहणाऱ्यांचं काय होईल, ही तिसरी. आणि मेल्यानंतर आपलं काय होईल, ही चौथी: हिशेब, शिक्षा, अडकून पडणं, गती न मिळणं. ‘मला मरणाची भीती वाटते’ असं कुणी म्हणालं की यांतली नेमकी कोणती, हे विचारून पाहावं. सत्तरीच्या पुढची माणसं बहुतेक वेळा पहिली आणि तिसरी सांगतात. धर्म आणि नास्तिकता यांचं सगळं भांडण मात्र दुसरी आणि चौथी यांच्यावरच चाललेलं असतं.

चौथीचं गणित मजेशीर आहे. श्रद्धा तिला उत्तर देते हे खरं, पण ती भीती मुळात जन्मालाही श्रद्धाच घालते. दहाव्याच्या दिवशी नदीकाठी काय होतं ते आठवा. पिंड ठेवले जातात, सगळे चार पावलं मागे सरतात आणि कावळ्याची वाट पाहणं सुरू होतं. पाच मिनिटं जातात, पंधरा जातात. मग कुणीतरी पुढे होऊन हात जोडतं, ‘धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघू, काळजी करू नका’. तरी कावळा येत नाही. मग राहिलेल्या इच्छांची उजळणी होते, जुनी भांडणं आठवतात, एखादी सून आपल्यामुळेच अडलं असं वाटून रडू लागते. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात आणि सगळे घरी जातात. कावळा न येण्याची कारणं साधी असतात. त्याच घाटावर सकाळपासून वीस पिंड पडलेले असतात आणि कावळ्यांची पोटं भरलेली असतात. माणसं फार जवळ उभी असतात. परिसरातली मोठी झाडं गेलेली असतात. पण त्या अर्ध्या तासात दुःखी माणसाच्या मनात जे अपराधीपण बसतं, ते कित्येक वर्षं जात नाही. नास्तिक माणसाला ही चौथी भीती नसते. त्याचा एवढाच एक फायदा, पण तो मोठा आहे.

दुसऱ्या भीतीवर, म्हणजे नसण्याच्या भीतीवर, आपल्याकडे आणि ग्रीसमध्ये स्वतंत्रपणे विचार झाला. इसवीसनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या एपिक्युरसचं म्हणणं थोडक्यात असं: मी आहे तोवर मरण नाही, आणि मरण आलं की मी नाही, मग आमची गाठ पडणार कधी? त्याच्या परंपरेतल्या रोमन कवी लुक्रेशियसने पुढची पायरी घातली. आपण जन्मण्याआधी अनंत काळ गेला, त्याचं कुणाला दुःख होत नाही. मग नंतरच्या तशाच काळाचं का व्हावं? आपल्याकडे लोकायत किंवा चार्वाक मतवाले शरीर संपलं की जाणीव संपली असंच मानत. श्राद्धावरचा त्यांचा टोला अजून ताजा आहे. इथे वाढलेलं अन्न मेलेल्याला पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून द्यायची? घरीच त्याच्या नावाने पान वाढावं, वाटेत त्याचं पोट भरेल. मात्र एक पथ्य पाळायला हवं. चार्वाकांचं म्हणून जे आपल्यापर्यंत आलं ते बहुतेक त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून, मुख्यतः चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या संकलनातून आलं आहे. त्यामुळे ‘कर्ज काढा आणि तूप प्या’ हे वाक्य त्यांच्या तोंडी घालून त्यांना चंगळवादी ठरवणं म्हणजे एका पक्षाचा जाहीरनामा दुसऱ्या पक्षाच्या भाषणातून वाचणं.

एपिक्युरसचा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण रात्री तीन वाजता तो पुरत नाही. त्याची फट विसाव्या शतकात अमेरिकी तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांनी दाखवली. मरण वाईट ते वेदनेमुळे नव्हे, तर जे मिळालं असतं ते हिरावलं जातं म्हणून. चाळिशीतल्या आईला मुलांचं मोठं होणं पाहायला मिळणार नाही, हे नुकसान खरंच आहे, मग ते भोगायला ती असो वा नसो. आमच्या मते हे मान्य करून टाकलेलं बरं. ‘मरणात घाबरण्यासारखं काहीच नाही’ असं ठासून सांगणारा नास्तिक आणि ‘आत्मा अमर आहे, रडायचं नाही’ असं ठासून सांगणारा आस्तिक, हे दोघंही समोरच्याचं दुःख ऐकून घेत नाहीत.

श्रद्धा असली की मरणाची भीती कमी होते का, हे मोजण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले आहेत. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अशा सुमारे १०० अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत मिळून २६ हजारांच्या आसपास माणसं होती. निम्म्याहून अधिक अभ्यासांत श्रद्धा आणि भीती यांचा काही संबंधच सापडला नाही. काहींत श्रद्धाळू माणसं कमी घाबरतात असं दिसलं, तर १८ टक्क्यांत ती जास्त घाबरतात असं. ज्या थोड्या अभ्यासांनी ‘श्रद्धा वाढेल तशी भीती घटते किंवा वाढते’ अशा सरळ रेषेऐवजी वळण शोधलं, त्यांतल्या बहुतेकांत भीती कमी आढळली ती दोन्ही टोकांना, पक्क्या श्रद्धाळूंत आणि पक्क्या अश्रद्धांत. जास्त घाबरतात ते मधले. ‘देव असेलही, नसेलही, पण सणाला नैवेद्य दाखवू आणि संकटात नवस बोलू’ म्हणणारे, म्हणजे आपल्यापैकी बरेचसे. हे अभ्यास मुख्यतः अमेरिकेतले, हे विसरू नये. पुनर्जन्म मानणाऱ्या समाजात चित्र वेगळं असू शकतं.

याच विषयात एक प्रयोग फार गाजला. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या २२ न्यायाधीशांना वेश्याव्यवसायाच्या आरोपाचं एक काल्पनिक प्रकरण देऊन जामिनाची रक्कम ठरवायला सांगितलं होतं. निम्म्यांना त्याआधी स्वतःच्या मरणाबद्दल दोन प्रश्न सोडवायला दिले. मरण न आठवलेल्यांची सरासरी ५० डॉलर आली, मरण आठवलेल्यांची ४५५. यावरून मोठा सिद्धांत उभा राहिला: मरण आठवलं की माणूस आपल्या समाजाचे नियम, देव, झेंडा घट्ट धरतो आणि नियम मोडणाऱ्यावर तुटून पडतो. सिद्धांत आकर्षक आहे. पण तीस वर्षांनी अनेक प्रयोगशाळांनी मिळून याच सिद्धांताचा एक प्रमुख प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा परिणाम दिसला नाही. त्यामुळे ‘विज्ञानाने सिद्ध केलंय’ म्हणून हा आकडा भाषणात वापरू नये, आणि नास्तिकांनी तर मुळीच नको.

आता नीतीचा प्रश्न. नास्तिकाला वाईट वागण्यापासून कोण अडवतं? लोकांना हा संशय किती खोलवर असतो ते २०१७च्या एका पाहणीत दिसलं. भारतासह १३ देशांतल्या तीन हजारांहून अधिक लोकांना एका माणसाचं वर्णन दिलं: लहानपणी प्राण्यांचा छळ, पुढे बेघर माणसांचे खून. मग विचारलं, हा माणूस ‘शिक्षक’ असण्याची शक्यता जास्त, की ‘शिक्षक आणि नास्तिक’ असण्याची? हिशेबाने दुसरी शक्यता पहिलीपेक्षा जास्त असूच शकत नाही, कारण प्रत्येक नास्तिक शिक्षक हा आधी शिक्षक असतोच. काहींना मात्र दुसरा पर्याय ‘शिक्षक आणि धार्मिक’ असा दिला होता. ‘नास्तिक’ शब्द असताना ही चूक करणाऱ्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. गंमत म्हणजे स्वतः देव न मानणाऱ्यांनीही ती केली.

यावर जुना प्रतिप्रश्न सॉक्रेटिसच्या नावाने प्रसिद्ध आहे. चांगली गोष्ट देवाला आवडते म्हणून चांगली, की चांगली आहे म्हणून देवाला आवडते? पहिलं खरं मानलं तर उद्या देवाने क्रौर्य सांगितलं की क्रौर्य चांगलं ठरेल. दुसरं मानलं तर चांगलं-वाईट ठरवायची मोजपट्टी देवाच्या बाहेर आहे, आणि ती न मानणाऱ्यालाही वापरता येते. हे कोडं महाराष्ट्रात प्रत्यक्ष जगून झालं आहे. अस्पृश्यतेला धर्माचा आधार होता. तिच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांत ‘निर्मिक’, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानणारे जोतीराव फुले होते, प्रार्थना समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे होते, आणि देव आहे की नाही हे कळूच शकत नाही असं मानणारे, म्हणजे अज्ञेयवादी, गोपाळ गणेश आगरकरही होते. २५ डिसेंबर १९२७ला महाडला मनुस्मृती जाळली गेली, ती ग्रंथाला माणुसकीच्या मापाने मोजून. श्रद्धा वेगवेगळ्या होत्या, माप एकच होतं. आगरकरांची तर पुण्यात सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आयुष्यभर तुटपुंज्या पगारावर काम केलेला हा माणूस १८९५ साली गेला, तेव्हा स्वतःच्या दहनाच्या खर्चाचे पैसे त्याने बाजूला काढून ठेवलेले सापडले, असं त्यांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. देव काढून टाकला की नीती आपोआप येते, असं अजिबात नाही. अल्बानियाने १९६७ साली स्वतःला नास्तिक राष्ट्र म्हणवून मशिदी आणि चर्च बंद केली, धर्मगुरूंना तुरुंगात घातलं, काहींना ठारही केलं.

मग वागणं ठरतं कशावर? १९७३ साली प्रसिद्ध झालेला, प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षणसंस्थेतल्या ४० विद्यार्थ्यांवरचा प्रयोग पाहा. त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय होता बायबलमधली वाटेवर जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या प्रवाशाची गोष्ट. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला ठेवला होता. वेळ हाताशी होता त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलेल्यांतले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने फारसा फरक पडला नाही. घाई होती की नव्हती, याने पडला.

आता राहिल्या पहिली आणि तिसरी भीती. यांना तत्त्वज्ञान लागत नाही, कागद लागतो. आणि इथे आस्तिक-नास्तिक दोघंही सारखेच बेसावध असतात.

हालांच्या भीतीवरचा कागद म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र, लोक त्याला ‘लिव्हिंग विल’च म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ला ते मान्य केलं, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर सही करायची अट होती, त्यामुळे फारसं कुणी केलंच नाही. २४ जानेवारी २०२३च्या आदेशाने ते सोपं झालं. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा आपल्या वतीने निर्णय कळवणारी माणसं त्यात नावानिशी द्यायची असतात. एकाऐवजी दोघं द्यावीत. एक प्रत त्यांना, एक फॅमिली डॉक्टरला, एक महापालिकेच्या किंवा स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. प्रत्यक्ष वेळ आली की रुग्णालयाचं प्राथमिक मंडळ, म्हणजे उपचार करणारे डॉक्टर आणि निदान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ, शक्यतो ४८ तासांत मत देतं. मग दुय्यम मंडळ ते तपासतं. यात जिल्हा पातळीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो. फसतं कुठे, तर भाषेत. ‘मला विनाकारण जिवंत ठेवू नये’ या वाक्याचा आयसीयूत काही उपयोग होत नाही. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न, हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं, यांतलं काय नको आणि कोणत्या अवस्थेत नको, हे एकेक लिहावं लागतं. वेदनाशामक उपचार हवेत, हेही लिहावं.

नास्तिकांत देहदानाची ओढ मोठी. त्यात अपयशही सर्वांत जास्त येतं, कारण अर्ज भरला की काम झालं असं वाटतं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात भरलेला अर्ज ही फक्त इच्छा असते. देह सोपवतात ते नातेवाईक, आणि त्यांचा विरोध असेल तर महाविद्यालय वादात पडत नाही. शवविच्छेदन झालेला देह घेत नाहीत. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी वा सी, सक्रिय क्षयरोग, अंथरुणाला खिळून झालेल्या मोठ्या जखमा (शय्याव्रण), कुजायला लागलेलं शरीर, हेही नाकारलं जातं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी देहदानाची इच्छा नोंदवली होती. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला, शवविच्छेदन अटळ होतं, आणि देहदान झालं नाही. साताऱ्यात कुठल्याही धार्मिक विधीविना त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, अग्नी मुलीने दिला.

दुसरी नेहमीची अडचण रात्री घरी झालेल्या मृत्यूची. अलीकडे तपासलेलं नसेल तर डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायला कचरतात. दाखला नाही म्हणजे पोलीस, पोलीस म्हणजे बहुधा शवविच्छेदन, की देहदान संपलं. म्हणून वयस्क, आजारी माणसाला महिन्या-दोन महिन्यांनी एका ठरलेल्या डॉक्टरने पाहिलेलं असावं. महाविद्यालयाला सहा ते आठ तासांत कळवायचं, आधी फोन करून विभाग सुरू आहे का विचारायचं, आणि सुट्टीच्या दिवशी देह शीतपेटीत ठेवायची तयारी ठेवायची.

नेत्रदान मात्र देहदानासोबतही होतं आणि दहनाआधीही. चार ते सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावं. तोवर पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, डोकं उशीवर थोडं उंच करावं आणि पंखा बंद करावा. एसी असेल तर चालू ठेवावा. पंखा बंद करायला लोक विसरतात आणि बुबुळ सुकतं. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांची आडकाठी नसते.

दहनच करायचं असेल तर विद्युत किंवा गॅस दाहिनीला साधारण तास-दीड तास लागतो. लाकडाच्या चितेला तीन-चारशे किलो लाकूड. छातीत पेसमेकर असेल तर तो आधी काढून घ्यावा लागतो, नाहीतर उष्णतेने फुटतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची.

मालमत्तेचं मृत्युपत्र वेगळं करावं आणि अंत्यविधीच्या सूचना त्यात लिहू नयेत. मृत्युपत्र बहुतेक घरांत तेराव्यानंतर उघडतात. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नसावेत. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला, हा समज चुकीचा आहे. तो वारसांच्या वतीने रक्कम ताब्यात घेतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये शेअर्सबाबतही तेच सांगितलं. नास्तिक झालो म्हणून वारसाहक्काचा कायदा बदलत नाही. हिंदू घरात जन्मलेल्या नास्तिकाला हिंदू वारसा कायदाच लागू राहतो.

आणि घरात बायको किंवा आई श्रद्धाळू असेल तर? विधींना नुसती फसवणूक म्हणून झटकणाऱ्यांना एक गोष्ट दिसत नाही: पहिले दहा-बारा दिवस ते घरातल्यांना काम देतात. कोण कधी येणार, काय शिजणार, कुणी कुठे बसायचं, सगळं ठरलेलं असतं. नास्तिकाच्या घरी दुसऱ्याच दिवशी शांतता होते आणि ती अंगावर येते. म्हणून शोकसभेचा दिवस, जागा आणि बोलणारी चार माणसं आधीच सुचवून ठेवावीत. रोज संध्याकाळी कुणीतरी जेवायला येईल एवढं बघावं. देहदानाला घरून येणारा ठरावीक आक्षेप म्हणजे ‘अग्नी दिला नाही तर गती नाही’. त्याचं उत्तर परंपरेतच आहे. परदेशात किंवा समुद्रात मेलेल्या, देह न सापडलेल्या माणसासाठी धर्मशास्त्रात पालाशविधी सांगितला आहे: पळसाच्या ३६० देठांचा माणसाच्या आकाराचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. हल्ली बहुतेक गुरुजी दर्भावर किंवा पिठाच्या पुतळ्यावर भागवतात. देह महाविद्यालयात गेला तरी आईला तो विधी करता येतो, आणि तिने तो केल्याने कुणाचा नास्तिकपणा कमी होत नाही. फक्त हे बोलणं दोघं धडधाकट असताना व्हायला हवं, आणि कोण काय करणार ते एका कागदावर, दोघांच्या सहीने.